उत्पादन थांबून दशक उलटले, तरी वऱ्हाडात ‘एट हंड्रेड’ धावतेच! मारुती ८०० ची गोष्ट आणि नोंदणी नूतनीकरणाचे नवे गणित

अमरावतीचा राजकमल चौक असो की अकोल्याचा टॉवर चौक, सिग्नलवर पाच मिनिटे थांबले की उंच एसयूव्हींच्या रांगेत एखादी बुटकी, चौकोनी गाडी हमखास दिसते. नंबरप्लेटवर एमएच-२७ किंवा एमएच-३०, रंग मूळचा पांढरा आणि आता पिवळसर, मागच्या काचेवर ‘गण गण गणात बोते’. ही मारुती ८००. वऱ्हाडात तिला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही. ती ‘एट हंड्रेड’.

शेवटची मारुती ८०० गुरुग्रामच्या कारखान्यातून १८ जानेवारी २०१४ रोजी बाहेर पडली. म्हणजे सर्वात तरुण ‘एट हंड्रेड’लाही आता दशकाहून जास्त काळ उलटला. बहुतेक गाड्यांनी पंधरा ओलांडली आहेत आणि अनेकींनी विशी. नेमक्या याच वयाच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढवले. त्यामुळे घरासमोर उभी असलेली ही गाडी ठेवायची की काढायची, हा प्रश्न वऱ्हाडातल्या अनेक घरांत आला आहे.

ही गाडी आली कुठून, इथे इतकी रुजली का आणि आता तिच्या मालकांपुढे कोणते पर्याय आहेत, ते समजून घेऊ.

थोडक्यात

• पहिली मारुती ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाला मिळाली. किंमत होती ४७,५०० रुपये.
• तीस वर्षांत २८ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.
• पंधरा वर्षे पूर्ण झाली म्हणून महाराष्ट्रात खासगी गाडी आपोआप भंगारात जात नाही. नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवता येते.
• १५ ते २० वर्षांच्या मोटारीसाठी नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये, तर २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी १०,००० रुपये आहे.
• गाडी वडिलांच्या किंवा पहिल्या मालकाच्या नावावरच असेल, तर नूतनीकरणाआधी तो गुंता सोडवणे जास्त महत्त्वाचे.

सुरुवात कुठून झाली?

सामान्य माणसाला परवडणारी छोटी देशी मोटार, ही कल्पना संजय गांधी यांची. त्यासाठी १९७१ मध्ये कंपनी स्थापन झाली, पण रस्त्यावर धावेल अशी गाडी काही तयार झाली नाही. १९७७ मध्ये कंपनी अवसायनात निघाली. जून १९८० मध्ये संजय गांधी यांचे विमान अपघातात निधन झाले. त्याच वर्षी सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये ‘मारुती उद्योग लिमिटेड’ ही सरकारी कंपनी सुरू झाली.

कंपनीची सूत्रे व्ही. कृष्णमूर्ती यांच्याकडे होती. आर. सी. भार्गव हेही सुरुवातीपासून सोबत होते. परदेशी भागीदाराचा शोध जपानच्या सुझुकीपाशी थांबला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी करार झाला आणि सुझुकीने २६ टक्के हिस्सा घेतला. तेव्हा सुझुकी ही जपानमधलीही फार मोठी मोटार कंपनी नव्हती. पण छोट्या गाड्यांत तिचा हात बसलेला होता आणि तिचे प्रमुख ओसामू सुझुकी भारतात पैसा घालायला तयार होते.

१९८३ मध्ये नोंदणी सुरू झाली. दहा हजार रुपये आगाऊ भरायचे आणि गाडीची वाट पाहायची. एक लाखाहून जास्त लोकांनी पैसे भरले. १४ डिसेंबर १९८३ रोजी, संजय गांधी यांच्या जन्मदिनी, पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीचे हरपाल सिंग यांच्या हाती दिली. त्यांनी ती गाडी २०१० मध्ये निधन होईपर्यंत विकली नाही. पुढे कंपनीने ती दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली.

४७,५०० रुपये म्हणजे स्वस्त होते का?

आज हा आकडा वाचून हसू येते. पण तेव्हा १० ग्रॅम सोने सुमारे १,८०० रुपयांना मिळत होते. म्हणजे पहिल्या मारुतीची किंमत पाव किलोहून थोड्या जास्त सोन्याइतकी होती. तेव्हाच्या शिक्षकाला किंवा बँकेतल्या कारकुनाला ती सहज परवडणारी नव्हतीच.

मग फरक कशात होता? तोवर घरगुती ग्राहकासमोर मुख्यतः दोनच नावे होती, ॲम्बेसेडर आणि मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘फियाट’. दोन्ही दणकट, पण दोन्हींचे मूळ डिझाइन पन्नास-साठच्या दशकातले. सकाळी चालू करायला चोक ओढा, धक्का द्या, घाटात बॉनेट उघडून पाणी ओता, असा तो संसार होता. गाडी ठेवणाऱ्याला ड्रायव्हर नाहीतर ओळखीचा मिस्त्री तरी हवाच.

मारुतीने ही अट काढली. किल्ली फिरवली की गाडी सुरू होते आणि घरातला कोणीही ती चालवू शकतो, हे लोकांना पहिल्यांदा दिसले. स्टिअरिंग हलके, गिअर हाताशी, वळायला जागा कमी. भारतीय शहरांत स्वतः गाडी चालवणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली, त्यात या गाडीचा वाटा मोठा आहे.

७९६ सीसीच्या इंजिनात असे काय होते?

सुरुवातीची गाडी सुझुकीच्या ‘फ्रंटे-आल्टो’ घराण्यातली होती. १९८६ मध्ये नवीन बांधणीची गाडी आली आणि तोच चेहरा थोड्याफार फरकाने शेवटपर्यंत राहिला. इंजिन मात्र एकाच घराण्यातले, तीन सिलिंडरचे ७९६ सीसी.

या गाडीचे यश तीन गोष्टींत होते.

पहिली म्हणजे वजन. गाडी सुमारे ६५० किलोंची. ॲम्बेसेडर हजार किलोंच्या पुढे होती. ओझेच कमी असल्यामुळे ३७ अश्वशक्तीच्या आसपासचे छोटे इंजिनही पुरेसे पडायचे. पेट्रोल कमी लागण्याचे मुख्य कारणही हेच. साधारणपणे शहरात पंधरा-सोळा आणि हायवेवर अठरा-वीस किलोमीटरचे ॲव्हरेज मालक सांगतात.

दुसरी म्हणजे पुढच्या चाकांना मिळणारी ताकद. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे गाडीच्या पोटाखालून लांब शाफ्ट जायचा. मारुतीत इंजिन आडवे बसवलेले आणि ताकद थेट पुढच्या चाकांना. शाफ्ट गेला, वजन गेले आणि आत पाय ठेवायला जागा झाली. केवळ ३.३३ मीटर लांबीच्या गाडीत चार माणसे बसतात, ती यामुळे. वऱ्हाडात त्याच जागेत सहा-सात बसतात, तो भाग वेगळा.

तिसरी म्हणजे साधेपणा. चार गिअर, १२ इंची चाके, पॉवर स्टिअरिंग नाही, पॉवर विंडो नाही. जे गाडीत नाही ते बिघडणार कसे? जुन्या गाडीत तर साध्या पान्यांच्या संचावर बरीचशी कामे होतात.

२००० मध्ये मोठा बदल झाला. प्रदूषणाच्या नियमांमुळे कार्ब्युरेटर गेला आणि ‘एमपीएफआय’ म्हणजे संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. जुनी गाडी घेणारे लोक आजही आधी हेच विचारतात, ‘कार्ब्युरेटरवाली आहे की एमपीएफआय?’

वऱ्हाडात ती इतकी का रुजली?

एका पिढीमागे इथला कौटुंबिक प्रवास म्हणजे दमणी, रेंगी, एसटी आणि मूर्तिजापूरहून अचलपूर, यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे. शकुंतलेला डिझेल इंजिन लागले तेच १९९४ मध्ये, आणि आता ती धावतही नाही. मधल्या काळात रस्ते सुधारले, पण गावे एकमेकांपासून लांबच राहिली. अमरावती ते अकोला अंतर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. त्या टप्प्यात बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. बाजूला दर्यापूर, अकोट, कारंजा. लग्न एका गावात, सोयरीक दुसऱ्या गावात, शेत तिसऱ्या गावात.

इथला पैसाही हंगामी. कापसाचा चुकारा हाती आला, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा बहार साधला की मोठी खरेदी व्हायची. एका चांगल्या वर्षात नवी नाही तर जुनी मारुती आवाक्यात यायची. शहरांत गणित वेगळे होते. शिक्षक, प्राध्यापक, विद्यापीठातले आणि बँकांतले कर्मचारी यांना नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाचव्या वेतन आयोगाने हात दिला आणि वाहनकर्ज सोपे झाले. स्कूटर विकून आलेले पैसे आणि बाकी हप्ते, अशी पहिली गाडी आली.

गाडी आली की पहिली फेरी कुठे, हे वेगळे सांगायला नको. अमरावतीत अंबादेवी, नाहीतर थेट शेगाव. उन्हाळ्यात चिखलदरा. परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे वर चढणाऱ्या घाटात चार माणसे आणि डबे भरून दुसऱ्या गिअरवर चढलेली मारुती, ही अनेक घरांची पहिली ‘सहल’ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर गाडी न थांबता पोहोचली, याचेच कौतुक जास्त असायचे.

दुसरे कारण म्हणजे शिकण्याची गाडी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये वर्षानुवर्षे हीच गाडी होती, शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा क्लच-ब्रेक आणि टपावर ‘एल’चा फलक. ज्या गाडीवर हात बसला, तीच पहिली घ्यावीशी वाटणे साहजिक होते.

तिसरे कारण सुट्या भागांचे. ७९६ सीसी इंजिनाचे हे घराणे फक्त ‘एट हंड्रेड’पुरते नव्हते. ओम्नी व्हॅन २०१९ पर्यंत आणि आल्टो ८०० ही २०२३ पर्यंत त्याच घराण्यातल्या इंजिनावर विकली गेली. सगळे भाग एकमेकांना लागत नाहीत. पण अनेक लागतात आणि ज्या मिस्त्रीने एक इंजिन उघडले त्याला दुसरे कळते. त्यामुळे या गाडीसाठी तालुक्याच्या गावातही मिस्त्री सापडतो आणि कामाला ‘पार्ट येईपर्यंत थांबा’ असे क्वचितच ऐकावे लागते.

मुंबई-पुण्यात बंद, अमरावती-अकोल्यात सुरूच

वऱ्हाडात तुलनेने अलीकडच्या ‘एट हंड्रेड’ का दिसतात, याचे उत्तर एका सरकारी यादीत आहे.

एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ हे प्रदूषणाचे कडक निकष आधी १३ शहरांत लागू झाले. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. मारुतीने ‘एट हंड्रेड’ या निकषांत बसवण्यासाठी नव्याने खर्च न करण्याचे ठरवले आणि त्या १३ शहरांत तिची विक्री थांबवली. अमरावती आणि अकोला त्या यादीत नव्हते. त्यामुळे पुणेकराला नवी ‘एट हंड्रेड’ मिळेनाशी झाली, तेव्हाही अमरावतीकराला ती घेता येत होती.

तोवर आल्टो पुढे निघून गेली होती. २००० मध्ये आलेल्या आल्टोने २००४ च्या सुमारास विक्रीत ‘एट हंड्रेड’ला मागे टाकले. सँट्रो, इंडिका यांनी आधीच मोठ्या गाडीची चटक लावली होती. टाटांची नॅनो २००९ मध्ये एक लाखाच्या घोषणेसह आली. पण ‘सर्वात स्वस्त’ हा शिक्काच तिला नडला आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ‘एट हंड्रेड’ही देशातल्या सर्वात स्वस्त मोटारींपैकी एक होती, पण ती घेणाऱ्याला कोणी गरीब म्हटले नाही. दोन गाड्यांच्या नशिबातला हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. १९८३ मध्ये मारुती दारात येणे हा मान होता आणि तो मान गाडी स्वस्त झाल्यावरही टिकला.

ऊन, खारे पाणी आणि ई-२०: वऱ्हाडातले तीन शत्रू

इथे जुनी गाडी सांभाळणे म्हणजे तीन गोष्टींशी सामना.

ऊन: अकोल्याचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंशांच्या पुढे जातो. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत अशा वेळी ‘व्हेपर लॉक’ होतो. इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप द्रवाऐवजी वाफ ओढतो आणि गाडी भर चौकात बंद पडते. पंपावर ओले फडके ठेवायचा उपाय जुन्या चालकांना तोंडपाठ आहे आणि तो शास्त्राला धरूनच आहे. पंप थंड झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. एमपीएफआय गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाखाली असते, त्यामुळे ही अडचण जवळपास येत नाही. मात्र दोन्ही गाड्यांत रेडिएटरचे पाणी कमी झाले आणि तशीच गाडी पळवली, तर हेड गास्केट जाते आणि खर्च वाढतो. उन्हाळ्यात काटा वर जाताना दिसला की गाडी बाजूला घेणे हाच उपाय.

खारे पाणी: पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, शेगाव या भागात बोअरचे पाणी खारट असते. त्याच पाण्याने गाडी धुतली की क्षार पत्र्याच्या सांध्यांत बसतात आणि गंज लवकर धरतो. त्यात पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकांच्या कमानीत चिकटून बसतो आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवतो. ‘एट हंड्रेड’चे इंजिन नव्याने बांधता येते, पण तळाचा पत्रा सडला की गाडीचे आयुष्य संपत येते. कारण या गाडीला वेगळी चौकट नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चौकट आहे. जुनी गाडी बघायला गेल्यावर रंगाआधी चटई उचलून तळ बघावा, तो यासाठीच.

ई-२०: आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ‘एट हंड्रेड’ अशा इंधनासाठी बनलेली नाही. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, वॉशर यांना कालांतराने मऊ करू शकते. त्यात उष्मांक कमी असल्याने ॲव्हरेजही घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधनक्षमता ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते, असे म्हटले होते. उपाय फार महागडे नाहीत. पेट्रोलच्या नळ्या बदलून घ्या, फिल्टर वेळेवर बदला आणि टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

पंधरा वर्षांनी गाडी भंगारात जाते का?

नाही. हा गैरसमज समाजमाध्यमांवरच्या संदेशांमुळे पसरला आहे. दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी परिसरापुरते आहेत. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी सुरुवातीला पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवता येते. गाडी तपासणीत उत्तीर्ण होते की नाही, हाच निकष.

खर्च मात्र बदलला आहे. १ एप्रिल २०२२ पूर्वी मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपये होते. त्या दिवसापासून ते ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ते १०,००० रुपये झाले.

उदाहरणाने पाहू.

• २०११ मध्ये नोंदलेली गाडी: पंधरा वर्षे २०२६ मध्ये पूर्ण. पहिले नूतनीकरण, शुल्क ५,००० रुपये. वर्षाला हजार रुपये पडले.
• २००६ मध्ये नोंदलेली गाडी: २०२१ मध्ये एकदा वाढवलेली मुदत २०२६ मध्ये संपते. वीस वर्षे उलटल्यावर शुल्क १०,००० रुपये. वर्षाला दोन हजार.
• १९९८ मध्ये नोंदलेली गाडी: नियमित नूतनीकरण झाले असेल, तर पुढची मुदत २०२८ मध्ये. तेव्हाही वीस वर्षांपुढचाच दर.

यावर पर्यावरण कर, स्मार्ट कार्ड, पीयूसी आणि विमा हे वेगळे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या सर्व गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बंधनकारक आहे. चारचाकीसाठी तिचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत नमुना २५ भरून अर्ज करता येतो. उशीर केला तर मोटारीसाठी दरमहा ५०० रुपये जादा लागतात. दोन वर्षे विसरून गेलेल्या माणसाला त्यामुळे शुल्काहून दंडच मोठा वाटू शकतो.

गाडी नेमकी कोणाच्या नावावर?

वऱ्हाडातल्या अनेक ‘एट हंड्रेड’ तीन-चार हातांतून फिरल्या आहेत. प्रत्येक वेळी पैसे दिले, किल्ली घेतली, कागद मात्र पहिल्या मालकाच्या नावावर राहिले. हा सगळ्यात मोठा धोका आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या प्रकरणात स्पष्ट केले की, अपघात झाल्यास आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, त्यालाच मालक धरले जाईल. म्हणजे दहा वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळ्या झालेल्या निवृत्त शिक्षकाच्या दारात भरपाईची नोटीस येऊ शकते.

दुसरा प्रकार अधिक घरगुती. गाडी वडिलांनी घेतली, वडील गेले, गाडी अंगणात आहे, नाव बदलायचे कोणाच्या मनात आले नाही. अशा वेळी वारसाने नमुना ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची असते. मृत्यूनंतर तीन महिन्यांत हा अर्ज करणे अपेक्षित आहे. मृत्यू दाखला आणि वारसांबाबतची कागदपत्रे लागतात. भावंडांची संमती आधीच घेतलेली बरी. गाडीची किंमत फार नसली, तरी वडिलांच्या गाडीवरून मन दुखावायला वेळ लागत नाही.

सुरक्षिततेचे काय?

इथे प्रेम बाजूला ठेवून बोलावे लागते. ‘एट हंड्रेड’मध्ये एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. तिचा सांगाडा चाळीस वर्षांपूर्वीच्या वेगासाठी आखलेला आहे. तिची वारसदार आल्टो ८०० हिलाही जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत शून्य तारे मिळाले होते. ती तर नवी गाडी होती.

रस्ते मात्र बदलले. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ज्या रस्त्यावर खड्डे चुकवत चाळीसने जावे लागायचे, तिथे आता ट्रक आणि एसयूव्ही शंभरच्या आसपास धावतात. त्या वेगात ६५० किलोंची जुनी गाडी नेणे म्हणजे धोका पत्करणे.

म्हणून व्यवहारी वाट अशी: गावातल्या गावात, बाजाराला, शेतावर, शाळेत सोडायला ‘एट हंड्रेड’ ठीक. रात्रीचा हायवे, घरभर माणसे आणि लांबचे लग्न यासाठी दुसरी सोय पाहावी. पुढचे पट्टे चालतात का ते तपासावे, मागे पट्टे नसतील तर बसवून घ्यावेत. टायरवर नक्षी दिसत असली तरी रबर कडक झाले, भेगा पडल्या की ते बदलावेत. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवणे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही. गॅस किट असेल तर ते मान्यताप्राप्त आणि आरसीवर नोंदलेलेच हवे.

मग ठेवायची की काढायची?

तळ गंजलेला नसेल, इंजिन धूर सोडत नसेल, कागद तुमच्याच नावावर असतील आणि गाडी आठवड्यातून दोन-तीनदा तरी वापरात असेल, तर पाच वर्षांसाठी पाच किंवा दहा हजार रुपये भरणे तोट्याचे नाही. तेवढ्यात दुसरी गाडी येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यानंतरही आल्टो के-१० ची सुरुवातीची किंमत ३ लाख ६९ हजार ९०० रुपये होती. ती सुद्धा एक्स-शोरूम.

तळ सडला असेल, गाडी वर्षभर झाडाखाली उभी असेल आणि टपावर कोंबड्या बसत असतील, तर अधिकृत भंगार केंद्राचा रस्ता बरा. तिथे मिळणारे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ दाखवले की नव्या गाडीच्या वाहनकरात सवलत मिळते. गल्लीतल्या भंगारवाल्याला गाडी दिली तर ही सवलत जाते. शिवाय नोंदणी रद्द झाली नाही, तर कागदोपत्री गाडी तुमचीच राहते.

या दोन्हींच्या मधले जे आहेत, त्यांच्यासाठी हिशेब कागदावर सुटत नाही. ‘काहून इकाची?’ हा इथला नेहमीचा प्रश्न आणि त्याला उत्तर पैशात देता येत नाही. त्या गाडीतून कोणी बाळंतपणाला गेले होते, कोणाची पाठवणी झाली होती, कोणी दहावीच्या परीक्षेला वेळेवर पोहोचले होते. एवढे मात्र करता येते. आरसीवरची मुदतीची तारीख आजच बघून ठेवायची, नाव कोणाचे आहे ते तपासायचे आणि एकदा चटई उचलून तळ पाहायचा. बाकीचा निर्णय त्यानंतर सोपा होतो.